नमस्कार नंतर!

सन १९६५. मी बेचाळीस वर्षांचा. धुळ्याच्या देवपुरात माझं बैलगाड्या बनवायचं दुकान होतं, आणि तोवर माझ्या हत्याराला कुणी पाय लावायची हिंमत केली नव्हती. वसंता बर्मावाल्याने केली. खाली पडलेली ठोकायची लाकडी मोगरी त्याने बुटाच्या टोकाने उडवली, गुडघ्यावर झेलली आणि माझ्या हातात दिली. वर हसला! जिची मी दसऱ्याला पूजा करतो, तिला बूट!

“तुले काही लाज शे का रे?” मी ओरडलो.

“सॉरी, नाना. हात खाली जातच नाही.”

खोटं नव्हतं ते. बाजारात एका बाईच्या पाटीतून वांगं घरंगळलं, ते त्याने पायाने उडवून बरोबर पाटीत टाकलं. बाईने तेच वांगं त्याच्या तोंडावर मारलं. बरं केलं.

त्याचा बाप भडगावचा. लाकडाच्या वखारीत कामाला म्हणून रंगूनला गेला, तो तिथलाच झाला. वसंता तिकडेच जन्मला, वाढला, पोरांना फुटबॉल शिकवायला लागला. मग तिथल्या सरकारने आपल्या माणसांना घालवलं, तेव्हा पत्र्याची एक ट्रंक घेऊन हा इकडे आला. लोक कौतुकाने म्हणायचे, “आला एकदाचा आपल्या देशात!” तर हा म्हणायचा, “नाही हो, मी फॉरेनला आलोय.” धुळ्याला फॉरेन! माझं डोकंच फिरायचं. तरी दुकानामागची खोली मी त्याला दिली होती. का दिली ते विचारू नका.

दिवसा तो जिनमध्ये कापसाची बोचकी वाहायचा. सुटी झाली की कुठल्या तरी शाळेच्या दारात उभा. “फुटबॉल शिकवतो.” एक हेडमास्तर म्हणाले, आम्हाला खो-खो पुरतो. दुसरे म्हणाले, लाथा मारायला मास्तर कशाला लागतो? हसले पण. माणूस कामच मागत होता ना? भीक तर मागत नव्हता!

शेवटी जवळच्याच एका शाळेचे अध्यक्ष म्हणाले, जळगावची पोरं खेळायला येताहेत, तेवढी मॅच जिंकून दाखवा, ड्रिल मास्तरची जागा तुमची.

“नाही जिंकलो तर कलकत्ता, नाना,” वसंता मला म्हणाला. “तिथे लोक बॉल ओळखतात.”

पोरं चपळ होती. पण आपल्याकडे कुणाला पाय लागला तर माणूस काय करतो? वाकतो, त्याला हात लावतो, तो हात आपल्या छातीला लावतो. हे आईने अंगात भिनवलेलं. आणि हा खेळ असा, की पायाला पाय लागल्याशिवाय पुढेच सरकत नाही! सरावाला निम्मी पोरं कायम वाकलेली. वसंता रेषेवरून घसा फोडायचा, “नमस्कार नंतर! नमस्कार नंतर!” गल्लीतली माणसं त्याला त्याच नावाने हाका मारायला लागली.

मॅचच्या दिवशी मीही गेलो. जळगावच्या पोरांनी पहिल्या झटक्यात आमचं दुखणं ओळखलं. मुद्दाम पाय आडवा घालायचे आणि ओरडायचे, “पाय लागला रे!” आमचं पोरगं वाकलं की बॉल घेऊन पसार. आपले संस्कार ते बहुतेक जळगावलाच ठेवून आले होते. शेवटी बरोबरी करायची संधी आली. आमचा सुपडू बॉल घेऊन एकटा गोलापाशी पोहोचला, समोर त्यांचा गोलकीपर आडवा पडलेला. सुपडूचा पाय त्याला लागला. झालं! सुपडू वाकला, त्याला हात लावला, छातीला लावला. तोवर बॉल बाहेर.

हरलो. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, “पोरांचे संस्कार पाहून ऊर भरून आला. ही आमच्या शाळेची शिकवण. पण मास्तर, तुमचं काम काही दिसलं नाही.”

आता मला सांगा, हा कुठला न्याय? नमस्कार शाळेचा आणि हार वसंताची! मी तिथेच बोलणार होतो, पण वसंताने माझा हात धरला.

संध्याकाळी त्याने ट्रंक भरली. खाटेवर माझ्याशेजारी येऊन बसताना त्याचा पाय माझ्या पायाला लागला. तो चटकन वाकला. माझ्या पायाला हात लावला आणि छातीला लावला.

मी बघतच राहिलो. ज्याचा हात कधी खाली जात नव्हता, तो हा!

“आई करायची असं,” तो हळूच म्हणाला. “तिकडे आमच्या चाळीत दुसरं कुणी करायचं नाही. मी हसायचो तिला. ती म्हणायची, आपल्या गावी बठ्ठा लोक असंच करतस.” त्याने ट्रंकेची कडी लावली. “तिकडेच गेली ती. आज सुपडू वाकला ना, तेव्हा मी ओरडलोच नाही, नाना. तोंडच उघडेना.”

मला बोलता येत नाही असलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली आणि त्याची ट्रंक आत टाकली. तो चढून बसला. स्टेशनचा रस्ता आला तशी मी बैलं पांझरा नदीकडे वळवली.

“हे काय, नाना?”

“रंधा हातानं धरशील तर दुकानात काम शे. संध्याकाळनी येळ तुनी आन् पोरंसनी.”

मग गाडीतल्या कडब्याखालून मी बाभळीचे दोन दांडे काढले आणि नदीच्या कोरड्या वाळूत गोलासाठी रोवले. आमचा गोलकीपर अजून झोपेतून उठला नसेल, म्हणून मध्ये वसंताची ट्रंक उभी केली.