सिस्टिम चार वर्षं मागे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कार्यालयातले एकशेचाळीस संगणक एकदम अडले. प्रत्येक पडद्यावर साहेबांचा सुविचार होता. तो वाचून खालचं ‘वाचले’ हे बटण दाबल्याशिवाय काम सुरू होऊ नये, ही कल्पनाही साहेबांचीच. त्या दिवशीचा सुविचार इतका लांबला, की बटण पडद्याबाहेर गेलं.

सिस्टिम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सिस्टिमताई म्हणत. त्यांना चारची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रजेचा अर्ज सोमवारपासून साहेबांकडे पडून होता.

“सर, सुविचार काढून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि नोंदीत काय दिसेल? माझ्या सुविचारामुळे ऑफिस बंद पडलं?”

“तसंच झालंय, सर.”

“झालं असेल हो, दिसायला नको! सगळी सिस्टिमच मागे न्या. मूळ सेटिंग जपून ठेवलेलं असतं ना तुमचं?”

“ते चार वर्षांपूर्वीचं आहे. नवीन जपायला तुमची सही लागते. अकरा वेळा फाइल पाठवली.”

“आधी हे निस्तरा. रजेचं मग बघू.”

ताईंनी आदेश लेखी घेतला.

दोन वाजता संगणक सुरळीत सुरू झाले. किरकोळ फरक एवढाच, की सिस्टिमच्या लेखी कार्यालयाचे प्रमुख आता मोठे साहेब होते, जे तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. विद्यमान साहेबांची नोंद ‘सहायक, भांडार विभाग’ अशी निघाली. त्यांना फक्त अर्ज करता येत होता.

“पुन्हा पुढे न्या!”

“त्याला प्रमुखांची मंजुरी लागते, सर.”

“अहो, मीच प्रमुख आहे!”

“मला माहीत आहे, सर. सिस्टिमला सांगायचं कुणी?”

शेवटी साहेबांनीच मोठ्या साहेबांना फोन लावला. ते कुंड्यांना पाणी घालत होते.

“पासवर्ड? आठवतो की! बायकोची जन्मतारीख. ती विसरून घरात राहता येईल का?”

तीन वाजून पाच मिनिटांनी मोठे साहेब घरूनच कामावर रुजू झाले. तिसऱ्या मिनिटाला ताईंची रजा मंजूर झाली. शेरा होता: ‘आईंना नमस्कार सांगा.’ सिस्टिम पुढे नेण्याचा साहेबांचा अर्ज मात्र परत आला: ‘कारण सविस्तर लिहावे.’

साडेपाचला ताईंची गाडी पाचवं स्टेशन सोडून पुढे गेली होती. साहेबांचा चार पानी अर्ज, सोबत जोडलेल्या सुविचारासह, प्रमुखांकडे विचाराधीन होता. प्रमुख फिरायला गेले होते.