पाखऱ्याच्या शिंगाचा रंग

हट्टा गावच्या संपतरावांनी सासऱ्याकडून मिळालेली जुनी अँबेसिडर एका पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी पांढरीफेक करून टाकली, आणि त्या दिवसापासून बनाबाई त्या गाडीत बसल्या नाहीत. "माझ्या बापाची गाडी कंपनीतून आली तशी आकाशी करा, मग बसते," एवढंच त्यांचं म्हणणं. बाई एसटीने आणि नवरा मोटारीने, हा तमाशा गावाने वर्षानुवर्षं पाहिला. पण आता शिरड शहापूरला भाचीचं, सुकन्येचं लग्न निघालं होतं. बायकोला माहेरी याच गाडीतून न्यायचं, असा संपतरावांनी चंगच बांधला.

आकाशी म्हटलं तरी आभाळ रोज वेगळं दिसतं. पांढरा देताना मिस्त्रीने जुना रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढला होता. सासऱ्याने जपून दिलेला कंपनीच्या रंगाचा डबा माळ्यावर सापडला, तर तोही खडखडीत.

"ह्या डब्यातला रंग तर आईनं पोळ्याला पाखऱ्याच्या शिंगांना दिला असंल," पोरगा बजरंग म्हणाला.

संपतराव गोठ्याकडे धावले. शिंगं आकाशी! त्यांनी आनंदाच्या भरात बैलाच्या कपाळाचा मुकाच घेतला आणि वसमतच्या रंगवाल्या शिवहारला फोन लावला.

"फोटोवरून जमत न्हाई काका. रंग जुळवायच्या मशीनला वस्तूच दाखवा लागती."

"आणून राहिलो की!"

खरवडावा तर रंगाचा भुगा होत होता. मग वस्तूच टेम्पोत चढली.

"काका, हे काय?" दुकानासमोर बैल बघून शिवहार दोन पावलं मागे सरला.

"नमुना. भिऊ नको, गरीब हाय."

शिवहारने लांबूनच हात पुढे करून यंत्र शिंगाला टेकवलं. यंत्र टिक्‌कन वाजलं, पाखऱ्या बिचकला, मान झटकली आणि यंत्राचा पट्टा शिंगात अडकवून थेट भाजीबाजारात घुसला. मागे शिवहार, "माझी मशीन!" त्याच्यामागे संपतराव, "माझा रंग!" आणि सगळ्यात मागे बजरंग, "आबा, आपला बैल!" मेथीचा ढीग लागला तेव्हा कुठे पाखऱ्या थांबला. यंत्रात रंगाचा आकडा शाबूत होता.

"बराबर आला काका!" शिवहार ओरडला, आणि अख्ख्या बाजाराने टाळ्या पिटल्या.

लग्नाच्या सकाळी गाडी दारात झळकत होती. बनाबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला. बाईंनी दार उघडलं आणि त्या आत बसल्या. संपतरावांचे डोळे भरून आले.

गाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "अवो, बापाची गाडी ह्याच्याहून फिक्की व्हती."

"कसं शक्य हाय? शिंगावरचाच रंग हाय हा!"

"शिंगांना मी न्हाणीच्या दाराचा उरलेला रंग लावला व्हता. बापाचा डबा तर कवाच वाळून गेला."

संपतरावांनी करकचून ब्रेक दाबला. त्या दाराला टेकून ते रोज सकाळी दात घासत.

"मग बसलीस काहून?"

"माझ्या रुसव्यापायी तुमी अख्खा बैल दुकानात नेला. आणखी काय पाह्यजे बाईला?" बनाबाई हसू दाबत म्हणाल्या. "चला आता, उशीर होऊन राहिला."

संपतरावांनी खुशीत गाडी पुढे काढली. जरा वेळाने दबकत विचारलं, "मांडवात कुणी रंगाचं विचारलं तर?"

"कंपनीचा हाय म्हणून सांगा. अन् घरी गेल्या गेल्या आधी ते न्हाणीचं दार पांढरं करून घ्या."