पटावरची जादा बारा मुलं

"लिहा," साडूभाऊ म्हणाले. "'ज्याच्या नजरेतून धुळीचा कणही सुटत नाही, ज्याचं नाव ऐकताच गुन्हेगाराच्या पायाखालची जमीन सरकते, आणि ज्याने आजवर एकोणीस प्रकरणांचा छडा लावला, असा हा एकमेव तर्कमहर्षी...'"

"अठरा," मी म्हणालो. "मांजर आपण होऊन परत आलं होतं."

"माझ्या तपासाला घाबरून आलं. एकोणीस लिहा."

मी एकोणीस लिहिलं. छापखान्यात मुद्रितं तपासायचं माझं काम, त्यामुळे चूक मला लगेच दिसते. दिसली तरी गप्प बसायचं, हे मी सासरी शिकलो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा तर्कमहर्षी आणि धाकटीचा नवरा त्याचा मदतनीस, ही नेमणूक माझ्या लग्नाच्या मांडवातच झाली. एरवी साडूभाऊंचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर 'डोळे तपासून मिळतील' असं होतं, त्याखाली त्यांनी 'रहस्येही उलगडून मिळतील' असं रंगवून घेतलं. तेव्हापासून लोक चष्म्याला दुसरीकडे जातात.

पण या वेळचं प्रकरण घरातलंच निघालं, आणि घरात कुणाला हसू येत नव्हतं.

आमचे सासरे, म्हणजे बाबा, इथल्या कॅथलिक माध्यमिक शाळेत अडतीस वर्षं क्लार्क आहेत. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. मुलांचा पट, हजेरी, निकाल, टक्केवारी, सगळं त्यांच्या हातचं. अडतीस वर्षांत त्यांच्या बेरजेत चूक निघालेली नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत. आमच्या बायका सांगतात, तेही आमचं काही चुकलं की. या वर्षी शाळेने वरच्या कार्यालयात आकडेवारी पाठवली: मुलं तीनशे बहात्तर. मग तपासनीस आले. सकाळच्या प्रार्थनेला मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी एकेक डोकं मोजलं, गैरहजर मुलं त्यात मिळवली, आणि आकडा आला तीनशे साठ.

बारा मुलं कागदावर होती, मैदानावर नव्हती. पट तीनशे सत्तरच्या वर गेला की शाळेला एक शिक्षक जादा मिळतो, आणि विज्ञानाचा तो शिक्षक नुकताच मंजूर झाला होता. तपासनीसांना आणखी काय हवं? शिक्षक मिळावा म्हणून कुणीतरी मुलं घुसडली. आकडे कोण पाठवतं? क्लार्क. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर खोटे आकडे दिल्याचा ठपका ठेवून बाबांना कामावरून काढायचं ठरलं. मंगळवारी बाबा ऑफिसच्या किल्ल्या देऊन घरी आले, बूट काढले, खुर्चीत बसले.

"मी मुलं बनवली नाहीत," एवढंच म्हणाले. जेवलेही नाहीत.

माझी बायको स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली. मलाही फार वाईट वाटलं. या माणसाने मला मुलगी देताना माझी कसलीही चौकशी केली नव्हती. 'हिला तुम्ही आवडता ना, मग झालं,' म्हणाले होते.

थोरली आपल्या नवऱ्याला म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी उपयोगाचं काही करा."

एवढं प्रोत्साहन साडूभाऊंना पुष्कळ झालं. त्यांनी पहिला हुकूम सोडला, "या प्रकरणाबद्दल बाबांशी कुणी चकार शब्द काढायचा नाही. कागद तर मुळीच दाखवायचे नाहीत."

"अहो, आकडे त्यांचेच आहेत," मी म्हणालो. "त्यांनाच विचारू की."

"संशयिताला पुरावा दाखवला की तो सावध होतो."

"संशयित? ते आपले सासरे आहेत!"

"म्हणून तर मला जास्त संशय येतो," साडूभाऊ म्हणाले, आणि भिंग पुसायला लागले. ते भिंग दुकानातलं होतं आणि त्यावर अजून चिठ्ठी चिकटलेली होती.

बुधवारी आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिका सिस्टर याच वर्षी बदलून आलेल्या. त्यांच्या टेबलामागे क्रूस होता, टेबलावर कागदांचा ढीग होता, आणि आम्हाला बघून चेहऱ्यावर जे होतं त्याला ख्रिस्ती सहनशीलता म्हणत असावेत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आजवर हे सगळे तक्ते वहीत असत, या वर्षी कॉम्प्युटरवर आले. मुलांची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून कार्यालयाला फक्त क्रमांक, हजेरी आणि गुण पाठवायचे. एकूण मुलं किती, हे कॉम्प्युटर आपलं आपण मोजतो.

"प्रत्येक यादीच्या शेवटी एक क्रमांक जादा आहे," सिस्टर म्हणाल्या. "मूळ यादीतही तिथे नाव नाही. पण हजेरी आहे, गुण आहेत. वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात मात्र ते मूल नाही."

साडूभाऊंनी डोळे मिटले. "बारा," ते पुटपुटले. "सिस्टर, प्रभू येशूचे शिष्य किती?"

"बारा."

"आणि हा योगायोग समजायचा मी?"

"आमचे वर्गही बाराच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या."

"वर्गांचं सोडा हो. त्या बारा जणांत एक फितूर होता. आपल्याला तो शोधायचाय."

मी वहीत 'वर्गही बाराच' असं लिहिलं. साडूभाऊंनी ते खोडायला लावलं, विषयांतर होतं म्हणून. मग शिक्षकांच्या खोलीत एका टेबलाशी जेवायला कोण कोण बसतं, याची त्यांनी यादी मागवली. तेरा नावं निघाली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. पीटीच्या बाई रजेवर आहेत आणि त्या धरून चौदा होतात, हे कळल्यावर काटा बसला. शिक्षकांपैकी कुणाशी मी बोलायचं नव्हतं, कारण तेही सगळे संशयित.

गुरुवारी सकाळी ते फाटकाशी उभे राहून स्वतः मुलं मोजू लागले. आकडा आला तीनशे चौऱ्याहत्तर.

"म्हणजे गायब कुणीच नाही, उलट दोन वाढली!" ते म्हणाले. "प्रकरण मला वाटलं त्याहून खोल आहे."

मी त्यांना सांगितलं की शाळेचे फादर दोनदा आत गेले, एक पालक अंगाने बुटके होते, आणि निम्मी पाचवी विसरलेल्या वस्तूंसाठी घरी जाऊन परत आली. साडूभाऊंनी माझ्याकडे कीव करून बघितलं. तेवढ्यात आत प्रार्थना सुरू झाली. फादरांच्या कानावर अर्धवटच काही गेलं असावं. त्यांनी 'आपल्या हरवलेल्या बारा लेकरांसाठी' सगळ्या शाळेला दोन मिनिटं शांत उभं केलं. पाचवीतल्या तीन मुली हुंदके देऊन रडल्या.

दुपारी आम्ही ऑफिसात गुणांचे तक्ते घेऊन बसलो. बाबांची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसायला मला धीर झाला नाही, साडूभाऊ बसले.

"दहावी ब, क्रमांक तेहेतीस," त्यांनी वाचलं. "गणित त्रेपन्न पूर्णांक सहा. विज्ञान छप्पन्न पूर्णांक एक. धर्मशिक्षण एकाहत्तर पूर्णांक आठ. हजेरी एक्क्याण्णव टक्के. धाकटे, यातून काय दिसतं?"

"धर्मशिक्षणाचा पेपर सोपा होता."

"हे मूल मधलं आहे! हुशार नाही, ढ नाही, पुढे नाही, मागे नाही. आणि बाराही तशीच! शिक्षकांच्या लक्षात राहतात ती टोकाची मुलं. मधल्याकडे कोण बघतं? हेरांना पहिलं हेच शिकवतात."

"आणि गणितात सहा दशांश गुण कुणी दिले?" मी विचारलं. "एका पेपरात फार तर अर्धा गुण देतात."

इथे माझी शंका बरोबर जागी पोचली होती. दोन मिनिटं शांतपणे विचार करू दिला असता, तर पुढचा तमाशा टळला असता. पण साडूभाऊ खुर्चीतून उडालेच.

"सांकेतिक निरोप! त्रेपन्नावं पान, सहावी ओळ!"

त्यांनी सिस्टरांकडून बायबल मागून आणलं आणि त्रेपन्नावं पान उघडलं. सहाव्या ओळीत उंट होते. संध्याकाळपर्यंत साडूभाऊ शाळेच्या परिसरात उंटांचा काही माग लागतो का ते बघत होते, आणि मी त्यांच्या मागून भिंग घेऊन चालत होतो. घरी गेलो तर बाबा त्याच खुर्चीत बसलेले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. मीही हुकूम पाळला. त्या दोन दिवसांत मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

शुक्रवारी साडूभाऊंनी सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. सिस्टर, फादर, तपासनीस, आमच्या बायका, आणि निरोप धाडून बाबाही. सोमवारपासून परीक्षा होती, म्हणून शाळेतल्या मावशी मागे खुर्च्या मांडत होत्या. खुर्च्यांचा खडखडाट थांबवा, असं साडूभाऊंनी त्यांना दोनदा सांगितलं. मावशींनी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि मांडत राहिल्या.

"सज्जनहो," साडूभाऊ म्हणाले, "गुन्हेगार याच खोलीत आहे. या माणसाला दोन मुलीच झाल्या. मुलगा नाही! ती सल त्याने अडतीस वर्षं मनात जपली. आणि निवृत्तीच्या वर्षी त्याने कागदावर एक नाही, दोन नाही, बारा मुलगे जन्माला घातले. त्यांना रोज शाळेत धाडलं. बापाच्या मायेने त्यातल्या एकालाही नापास होऊ दिलं नाही!"

फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना हे खरंच पटलं असावं. तपासनीस कागदावर काहीतरी लिहू लागले. बाबा पांढरेफटक पडले होते. ते उठून उभे राहिले.

"साडूभाऊ, खाली बसा," मी म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडला.

"हो, आणि बसताय ती खुर्ची माझ्या मोजणीतली आहे, नंतर जागेवर ठेवा," मागून मावशी म्हणाल्या. "तीनशे साठ व्हायला हव्यात."

तपासनीसांचं लिहिणं थांबलं. "तीनशे साठ? तुम्हाला कुणी सांगितलं? कागदावर तर तीनशे बहात्तर आहेत."

"कुठल्या कागदावर? हा काय, क्लार्ककाकांनी छापून दिलेला दारावर लावलाय. प्रत्येक वर्गाची लाल रेघेच्या वरची मुलं मोजायची. मी वीस वर्षं तशाच मांडते."

"आणि रेघेच्या खाली आहे ते?"

"ती वर्गाची सरासरी," मावशी म्हणाल्या. "सरासरीला खुर्ची कशाला मांडू?"

सगळे दाराकडे धावले. दारावर बारा तक्ते होते. प्रत्येकात शेवटच्या मुलाखाली पट्टीने मारलेली लाल रेघ होती, आणि रेघेखाली, नाव न घालता, वर्गाच्या सरासरीची ओळ. वहीच्या काळापासून बाबा तसंच करत आले होते. रेघेखाली सरासरी, हे शाळेत इतकं ठाऊक होतं की त्यावर 'सरासरी' असं लिहायची गरज कधी कुणाला पडली नाही. कॉम्प्युटर आला तरी बाबांनी सवय सोडली नाही; कागद छापून झाला की ते लाल पेनने त्यावर रेघ मारत. कार्यालयाला मात्र कागद गेलाच नव्हता, कॉम्प्युटरवरूनच यादी गेली होती. तिच्यावर रेघ मारणार कोण? कॉम्प्युटरने इमानेइतबारे सगळ्या ओळी मोजल्या, क्रमांक घातले, आणि बारा सरासऱ्यांना शाळेत दाखल करून घेतलं.

बाबा तक्त्यासमोर उभे होते. "रेघ गेलीच नाही होय त्यांच्याकडे?" ते हळूच म्हणाले. "मग चूक माझीच."

"माझाही रोख साधारण तिकडेच होता," साडूभाऊ म्हणाले. थोरलीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते त्या तीनशे साठांतल्या एका खुर्चीवर गुपचूप बसले.

तपासनीस आता एकदम मवाळ झाले. "झालं ते झालं. पट तीनशे साठ करा. जादा शिक्षक मिळणार नाही, त्याला इलाज नाही. बाकी काही हलवू नका. सहामाहीचा निकाल ब्याण्णव पूर्णांक सात टक्के आहे, तो छापूनही गेलाय. राहू द्या."

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. "नाही साहेब. त्या बाराही ओळी पासात धरल्या गेल्यात. त्या काढल्या की तीनशे साठांत तीनशे तेहेतीस पास. साडेब्याण्णव टक्के."

"अहो काका, दोन दशांशांनी काय बिघडतंय? कोण बघणार आहे?"

"ती आमची मुलं नाहीत," बाबा म्हणाले. "त्यांचं पास होणं शाळेने आपल्या नावावर कसं घ्यायचं?"

त्यांनी छापलेला आकडा खोडला, वर साडेब्याण्णव लिहिलं आणि सही केली. आकडे फुगवले म्हणून ज्यांनी त्यांना घरी बसवलं होतं, त्या तपासनीसांना आता कुठे बघावं ते कळेना. सिस्टर मात्र हसल्या, विज्ञान मीच शिकवीन म्हणाल्या.

"मला माफ करा काका," तपासनीस म्हणाले.

"माफी वगैरे राहू द्या," बाबा म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी आधी माणसाला विचारत जा."

म्हणाले ते तपासनीसांना, पण बघत होते आम्हा दोघा जावयांकडे.