डबल बेल

उज्वला गेल्याचं कंपनीत कळलं तो बुधवार होता. सकाळच्या पाळीला बातमी पोचली आणि साडेनऊला सिडकोतल्या आहेरांच्या घरासमोर कंपनीची बस येऊन थांबली. तिच्यातून निळ्या गणवेशातली चाळीसेक माणसं उतरली आणि रांगेने ओट्याकडे आली.

ओट्यावर शेखर आहेर उभा होता. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. बायको पहाटे दवाखान्यात वारली हे त्याला माहीत होतं, पण अजून पटलेलं नव्हतं. रांगेतली पहिली मुलगी त्याच्यासमोर आली. तिने त्याच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं आणि बाजूला झाली.

आता एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. ही गोष्ट शेखरच्या हाडात शिरलेली. त्याला वाटलं, आपण वाटेत उभे आहोत, पुढे सरका म्हणतायत. तो एक पाऊल सरकला. मागच्या मुलानेही दोनदा टकटक केलं. शेखर अजून एक पाऊल सरकला. मग तिसरी, मग चौथा. कुणी तोंडाने एक शब्द काढत नव्हतं, नुसतं दोनदा टकटक. पाचव्याला तो ओट्यावरून खाली उतरला, दहाव्याला फाटकाबाहेर पडला आणि रांग संपली तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचला होता. तिथे ज्ञानेश भेटला. ज्ञानेश म्हणजे पूर्वी त्याच्याच गाडीवरचा ड्रायव्हर आणि आता शेजारी.

"अरे, सगळा गाव तुझ्या दारात आणि तू इथे काय करतोस?"

"डबल दिली त्यांनी."

"कुणी?"

"सगळ्यांनीच."

ज्ञानेशने त्याच्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन त्याच्या खांद्यावर एकदाच टकटक केलं. "ही घे सिंगल. थांब आता जरा."

शेखर थांबला. आणि थांबल्यावर मग त्याला रडू आलं.

या गोष्टीला चार महिने झाले आणि एका सकाळी कंपनीतून वेदिकाचा फोन आला. वेदिका म्हणजे माणसांचं सगळं बघणारी तिथली तरुण ऑफिसर. तिचा आवाज शेखरला पाठ झाला होता, कारण ती दर पंधरा दिवसांनी एकाच कामासाठी फोन करायची.

"काका, ताईंचं गेटचं कार्ड सापडलं का? ते जमा झाल्याशिवाय आमच्या सिस्टिममध्ये त्यांचं नाव बंद होत नाही."

"शोधतोय," शेखर म्हणाला. कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. सदरा धुवायला गेला की कार्ड दुसऱ्या सदऱ्यात जायचं.

"असू दे. आज दुसरं काम आहे. वर्धापनदिनाला ताईंना पुरस्कार द्यायचं ठरलंय. डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन चॅम्पियन."

चॅम्पियन म्हटल्यावर शेखरच्या डोळ्यांपुढे देवळ्याच्या जत्रेतली कुस्ती आली. उज्वलेची उंची चार फूट अकरा इंच होती.

"म्हणजे कामावर सगळ्या तऱ्हेच्या माणसांना त्यांनी सामावून घेतलं, त्याबद्दल," वेदिकाने सांगितलं. "पुरस्कार तुम्ही घ्यायचा. आणि दोन शब्द बोलायचे."

उज्वला अंबडच्या त्या कंपनीत विजेची बटणं जोडणाऱ्या लाइनवर सुपरवायझर होती. तिच्या हाताखाली ऐकू न येणारी पोरं-पोरी आहेत, पेठ तालुक्याकडच्या बाया आहेत, कुबड्या घेऊन येणारे दोघं आहेत, इतकं शेखरला माहीत होतं. ती रोज जेवताना सांगायची आणि तो रोज "हं" म्हणायचा. दरवर्षी वर्धापनदिनाला ती म्हणायची, "यंदा तरी चला." तो म्हणायचा, "ड्युटी आहे." निवृत्त झाल्यावर ड्युटी संपली, तेव्हा गुडघा दुखायला लागला. असं एकोणीस वेळा झालं. आता विसाव्या वेळी बोलावणं तिच्याकडून नव्हतं. हे एवढं तरी तिच्या नावाला शोभेल असं करायचं, तिची मान खाली जाता कामा नये, असं त्याने ठरवलं.

"भाषणाचं टेन्शन नाही मला," तो ज्ञानेशला म्हणाला. "एकतीस वर्षं रोज साठ माणसांसमोर बोललोय."

"पुढे सरका आणि सुटे द्या. एवढंच बोललास."

"आवाज तर कमावला ना?"

त्याने कागदावर पाच मुद्दे काढले आणि ज्ञानेशला समोर बसवून तालीम केली. तीस वर्षं मालेगावच्या घाटा-खड्ड्यांतून गाडी नेताना ज्याची पापणी लवली नाही, तो ज्ञानेश दुसऱ्या मुद्द्याला झोपला.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं ज्ञानेशच्या स्कूटरवर दहा वाजता कंपनीच्या गेटवर पोचले. गेटवर फकिरा नावाचा पहारेकरी होता. माणूस कडक. त्याने ज्ञानेशला पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली आणि शेखरपुढे हात केला. "कार्ड?"

शेखरने सवयीने खिशात हात घातला आणि जे हाताला लागलं ते दिलं. फकिराने न बघता ते मशीनला लावलं. मशीनने पीं केलं, हिरवा दिवा लागला. "जावा," फकिरा म्हणाला.

कँटीनपुढे मंडप होता. वेदिकाने माइकवर नाव पुकारलं, "उज्वलाताई आहेर यांच्या वतीने शेखरकाका." शेखर उठला आणि त्याने मागे वळून पाहिलं. सगळा मंडप दोन्ही हात वर करून पंजे गरागरा हलवत होता. एकही टाळी नाही. तीनशे माणसं आणि सहाशे पंजे.

शेखरला हा हात चांगला ओळखीचा होता. भरलेल्या गाडीच्या दारात उभं राहून खालच्या माणसांना त्याने स्वतः हा हात लाखभर वेळा केला होता. त्याचा अर्थ एकच. जागा नाही.

'मंडप भरलाय ते दिसतंय,' तो मनात म्हणाला, 'पण मी तर स्टेजवर बसणार.'

वेदिकाने शाल दिली, काचेचं स्मृतिचिन्ह हातात ठेवलं आणि माइक पुढे केला. स्टेजच्या कोपऱ्यात एक जण शेखरचं बोलणं ऐकू न येणाऱ्यांना हातवाऱ्यांनी सांगायला उभा होता. शेखरने कागद उघडला.

"नमस्कार. माझी बायको वेळेची पक्की होती."

मंडपातले हात वर गेले. पंजे हलायला लागले. नाही, नाही, नाही.

शेखर चपापला. ही माणसं तिच्याबरोबर रोज आठ तास असायची. यांना जास्त माहीत असणार.

"म्हणजे एखाद्या वेळी उशीर झाला असेल," तो म्हणाला. लोक हसले. हशा दोन हप्त्यांत आला. आधी ऐकणारे हसले, मग कोपऱ्यातल्या माणसाचे हात थांबल्यावर बाकीचे. आणि परत पंजे. आता तर जास्तच.

"बरं, चार वेळा. त्यातल्या दोन माझ्यामुळे." त्याने घाईघाईने दुसरा मुद्दा घेतला. "ती कधी कुणाला तोडून बोलली नाही."

पंजे.

"मला बोलायची," शेखरने कबूल केलं. "ते खरं आहे. पण तसं मी वागायचोही."

पहिल्या रांगेत मोठे साहेब डोळे पुसत हसत होते. सगळ्यांना वाटत होतं, काका काय मजेशीर बोलतात. वेदिकालाही तसंच वाटलं, म्हणून तीही मध्ये पडली नाही. शेखरच्या पाठीवरून मात्र घामाची धार चालली होती. बायकोच्या नावाला शोभेल असं करायला आला आणि एकेक गुण तिच्या अंगावरून उतरवत चालला होता. तिसऱ्या मुद्द्यात उज्वलेच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचं कौतुक होतं. पंजे हलल्यावर त्याने तिखट जास्त असायचं हे मान्य केलं. चौथ्यात ती कधी दमायची नाही असं होतं. ते तो आपणहूनच परत घ्यायला लागला आणि मध्येच थांबला.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"खरं सांगू का," तो म्हणाला. "ती इथे काय करायची ते मला माहीतच नाही. रोज सांगायची, मी हं म्हणायचो. एकोणीस वेळा मला बोलावलं, मी आलो नाही. तुम्ही तिला ओळखता. मी काही चुकीचं बोललो असेन तर ते माझं चुकलं. तिचं नाही."

आता अख्खा मंडप उभा राहिला. हात डोक्याच्या वर, पंजे गरागरा. काहींच्या डोळ्यांत पाणी. ते शेखरला दिसलं नाही, पंजे मात्र सगळे दिसले. त्याने स्मृतिचिन्ह टेबलावर परत ठेवलं. "तुम्हाला मान्य नसेल तर राहू द्या," असं पुटपुटत तो पायऱ्या उतरला.

खाली एक मुलगी धावत पुढे आली. त्या बुधवारी रांगेत पहिली होती तीच, मोहिनी. तिने त्याच्या खांद्यावर दोनदा टकटक केलं.

डबल. म्हणजे चला. शेखर समजला. त्याने मान खाली घातली आणि चालायला लागला. मागून दुसऱ्याने गाठून टकटक केलं, त्याने वेग वाढवला. तिसऱ्याने केलं तेव्हा तो जवळजवळ पळत होता. गुडघा दुखत होता हे तो साफ विसरला. त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं टकटक करायला धावत होती, त्यांच्यामागे वेदिका त्याची वाटेत पडलेली शाल घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी ज्ञानेश, "सिंगल, अरे सिंगल," असं ओरडत.

फकिराने गेट अडवलं. "बाहेर जायचं तर कार्ड लावून आउट पंच करावं लागल. आन् जेवण व्हायचंय अजून, कुठं निघालात?"

"मला जायला सांगितलंय," शेखर धापा टाकत म्हणाला.

"कुणी?"

"सगळ्यांनी."

तेवढ्यात त्याच लाइनवर काम करणारी सरुबाई पोचली. पेठकडची, वयाने उज्वलेएवढी. कमरेवर हात ठेवून ती आधी श्वास घेत राहिली. "दाजी," ती म्हणाली, "आवो, पळता काय? लेकरं तुमाला ताईंचं नाव सांगत हायती."

"कसलं नाव?"

"ह्या पोरांना हाक ऐकू येत नाय. ताई मागून यायच्या आन् खांद्यावर असं दोनदा करायच्या. कुणी वळायच्या आत कळायचं, ताई आल्या. मग पोरांनी तेच त्यांचं नाव ठेवलं. आमी बी तेच म्हणतो आता." तिने स्वतःच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं. "उज्वलाताई."

शेखरचा हात खांद्याकडे गेला. त्या बुधवारी चाळीस माणसांनी त्याच्या खांद्यावर एकेक करून उज्वलेचं नाव घेतलं होतं, आणि तो किराणा दुकानापर्यंत गेला होता. घरीही ती चहा झाला की अशीच मागून दोनदा टकटक करायची. त्याला वाटायचं, कंडक्टर म्हणून थट्टा करते. तो चिडायचा.

"आणि ते पंजे?" त्याने विचारलं.

"त्या टाळ्या हायती. ऐकू न येणाऱ्याला आवाजाच्या टाळीचा काय उपयोग? दिसली पायजे. ताईंनीच लावलं ते. सात वर्षं झाली, या कंपनीत कुणी टाळी वाजवत नाय."

"म्हणजे ती वेळेची पक्की होती?"

"घड्याळापेक्षा," सरुबाई म्हणाली. "चटणी तिखट असायची ते मात्र खरंय, दाजी."

जेवणाच्या पंगतीत मग सगळ्यांनी त्याला घेरलं. पाळीचा भोंगा वाजतो तेव्हा भिंतीवरचा पिवळा दिवाही लागतो, तो उज्वलेने भांडून बसवून घेतला होता. कुबड्यावाल्या दोघांचं टेबल तिने वरच्या मजल्यावरून खाली आणवलं होतं. सरुबाईचं तर वेगळंच. "आमच्याकडं भाताची आवणी-लावणी आली का आमी पंधरा दिस गावी जायचो. आलो का काम गेलेलं. ताईंनी सायबाला सांगितलं, बाया जातील आन् येतील, त्यांच्या जागा धरून ठेवा. तवापासनं माझी खुर्ची माझीच हाय."

शेखर आज "हं" म्हणत नव्हता. प्रत्येकाला परत विचारत होता, मग काय झालं, मग साहेब काय म्हणाले.

ज्ञानेशने जिलबी तोडता तोडता त्याला ढोसलं. "तू जन्मभर दारात उभा राहून जागा नाही म्हणालास. वहिनी इथे जागा करत बसल्या होत्या."

शेखर उठला. पंगतीकडे तोंड करून त्याने दोन्ही हात वर केले आणि पंजे हलवले. एकतीस वर्षांच्या सवयीने ते अगदी 'जागा नाही, मागची गाडी बघा' असेच हलले. मोहिनी हसली, उठून त्याच्याजवळ आली आणि त्याची मनगटं धरून हात थोडे वर, थोडे सैल केले. मग ते बरोबर जमलं. तीनशे माणसांनी जेवणाचे खरकटे हात वर करून त्याला परत टाळ्या दिल्या. शिंतोडे मोठ्या साहेबांच्या सदऱ्यापर्यंत गेले.

निघताना गेटवर एवढी गर्दी निरोप द्यायला आली की फकिराने गेट सताड उघडं ठेवलं आणि कुणालाच काही विचारलं नाही.

स्मृतिचिन्ह आता टीव्हीवर आहे. मोहिनी दर रविवारी येते आणि शेखरला हातांची भाषा शिकवते. अकरा शब्द झालेत. त्यातला आभार हा त्याने पहिल्या दिवशीच मागून घेतला. ज्ञानेशला तीन येतात आणि त्यातला एक बहुतेक चुकीचा आहे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी वेदिकाचा फोन आला होता. "काका, कार्ड सापडलेलं दिसतंय. काल दहा वाजून चार मिनिटांनी ताई आत आल्यात. सिस्टिमप्रमाणे अजून बाहेर पडल्या नाहीत. एकदा येऊन आउट पंच करून कार्ड जमा कराल का?"

"येतो," शेखर म्हणाला.

त्याला आता महिना झाला. कार्ड सदऱ्याच्या खिशात आहे. आउट पंच करायचं राहिलंय.