उमाटे सर आणि माझा खलबत्ता

वर्ध्याला आमच्या शेजारी राहणारे उमाटे सर माझ्या खलबत्त्यावर खार खाऊन होते. मी सकाळी जवसाची चटणी कुटायला बसले की कुंपणापलीकडून आरोळी यायची, "वैनी, जमीन बोलून राह्यली अन् तुमी कुटून राह्यल्या!"

जमिनीचं बोलणं फक्त त्यांनाच ऐकू येई. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मधल्या खोलीची फरशी उखडून त्यांनी हादरे टिपणारं यंत्र पुरलं होतं आणि ते संगणकाला जोडलं होतं. झोपेत कूस बदलली तर तीही नोंदली जाते, म्हणून स्वतःची खाट व्हरांड्यात नेली होती. घरात दुसरं माणूस नव्हतं. पेपरवाल्याने फाटक आपटलं की त्याचा उद्धार होई.

एकदा मीही चिडले. "एवढ्याशा बत्त्याने भूकंप होतो का हो, सर?"

"होत नाई, झाकला जाते! या, पाहा."

पडद्यावर रंगीत डाग होते. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर कंपनांची गती. "जुनी रीत कोणती कंपनं आहेत थे सांगते, कवा आली थे नाई सांगत. म्हणून हे वेव्हलेट. इवलीशी लाट. तिले ताणायचं, आकसायचं, नोंदीवरून सरकवत न्यायचं. जिथं जुळली तिथं डाग!" मधला लांबलचक पट्टा म्हणजे कोळशाची मालगाडी. दूरचा भूकंप आधी बारीक थरथरतो, मग संथ डोलतो, तेही त्यांनी हात हलवून दाखवलं. मग वरच्या ठिपक्यांच्या रांगेवर बोट आपटलं. "अन् हे कोण? तुमी!"

मी खलाखाली गोणपाट घातलं. ठिपके फिके झाले, आरोळी नाही.

पुढे मी सहा महिने तुम्हा मुला-सुनेकडे राहायला आले. तुळशीला पाणी घालायला घराची किल्ली सरांकडे दिली. "जा, जा," ते म्हणाले, "जमिनीले आराम भेटन."

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. निघताना खल धुऊन, पुसून फळीवर उपडा ठेवला होता. परतले तर तो ओट्याखाली, उताणा. आत जवसाचा ताजा कूट! माझं डोकंच फिरलं. प्रवासाच्या साडीतच कुंपण गाठलं.

"सर, माझ्या खलाला हात कोणी लावला?"

"मी! रोज लावला!" ते माझ्याहून मोठ्याने ओरडले. "इतके दिवस काऊन राह्यल्या तिकडं? सकाळचे ठिपकेच गायब. मले वाटलं, मशीन बिघडली."

"मग मशीन तपासायची. कुटायचं कशाला?"

"तपासली. मशीन चांगली होती."

मी आवाज उतरवून म्हणाले, "तुमची नोंद खराब झाली असेल."

"झाली ना. रोज झाली." त्यांनी रागाने कुंपणाची तार हलवली. "अन् माह्यानं तसं जमत नाई. तुमचे कसे एका ओळीत येते. माहे वाकडेतिकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट बाजूला सारून मी कुटायला बसले. पहिल्याच घावाला पलीकडून आरोळी आली, "वैनी, जमीन बोलून राह्यली!"

मी बत्ता वर धरून थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. मग मी कुटत राहिले.