ट्रिम, कट आणि माझ्या मिशा

इंग्रजी शब्दांतले बारीक फरक माझ्याइतके कुणालाच कळत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो! तर ऐका. माझ्या मिशा अशा होत्या, की चहाचा कपसुद्धा परवानगी मागून ओठांपर्यंत यायचा. अभिनय शून्य, पण निव्वळ या मिशांच्या जोरावर भाच्यानं मला त्याच्या नाटकात सेनापती केलं होतं. प्रयोग त्याच संध्याकाळी!

सकाळीच सलून गाठलं.

"मिशा फक्त ट्रिम कर हं. कट नको!"

"एकच की हो ते!" शेजारच्या खुर्चीतून फेसाचा डोंगर बोलला. आत रिटायर्ड मास्तर होते. "दोन्हीला कात्रीच लागते!"

"मास्तर, पोरांना हेच शिकवलंत? ट्रिम म्हणजे आहे ते ठेवून नुसत्या कडा नीट करायच्या. कट म्हणजे थेट तोडायचं!"

"थापा मारू नका!"

"थापा? दाखव रे यांना! डावीकडे ट्रिम!"

आमचा सलूनवाला म्हणजे भलता आज्ञाधारक माणूस. गिऱ्हाईक बोललं की हात चाललाच! कच, कच, कच. डावी मिशी नव्या नवरीसारखी नटली.

"हे झालं ट्रिम," मी गरजलो. "आणि आता कट!"

कचाक!

उजवी मिशी मेलेल्या उंदरासारखी मांडीवर पडली.

"अरे, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात की, काका!"

मास्तर फेसासकट उठून जवळ आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"पटलं बुवा! फरक आहे. मानलं तुम्हाला!"

जिंकलो! पण अर्ध्या मिशीचा सेनापती कोण बघणार? शेवटी डावीही गेली.

संध्याकाळी भाचा मला बघून मटकन खालीच बसला.

"मामा, हा सेनापती की सोललेला बटाटा?"

"माझं भाषण हवं तर थोडं ट्रिम कर रे," मी काकुळतीला आलो. "पण भूमिका कट नको!"

"ट्रिम आणि कट? त्यात काय फरक असतो, मामा?"

मी ओठावरून हात फिरवला. तिथं काहीच लागेना.

"काही विशेष नाही रे," मी म्हणालो आणि मुकाट्यानं पडद्याची दोरी हातात घेतली.