हवाईची थोरली पाती, धाकटी पाती

आमच्या शेजारचे अप्पा केस एका न्हाव्याकडे कापतात आणि दाढी दुसऱ्याकडे करतात. पोहे चौकातल्या डाव्या हाताच्या गाडीवर खातात, त्यावरची जिलबी उजव्या हाताच्या गाडीवर. चष्मे दोन, डॉक्टर दोन, भिंतीवर घड्याळं दोन आणि त्या दोन घड्याळांत वेळाही दोन. "यातलं बरोबर कोणतं हो अप्पा?" असं विचारलं की म्हणतात, "दोन्हींच्या मधलं धर."

याला कारण हे माळव्यातलं देवास गाव. मी धारची. आमच्याकडे राज्य एक, राजा एक, त्यामुळे आम्हां धारच्या लोकांचे निर्णय कसे खटाखट होतात. देवासला एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि सरहद्द भर बाजाराच्या रस्त्यातून जायची. टेकडीवर देवीही दोन, थोरली आणि धाकटी. एकीचं दर्शन घेऊन दुसरीला न भेटता खाली उतरलात तर अप्पा तुम्हाला परत वर पाठवतील. त्यांचे आजोबा दोन्ही दरबारांचे कपडे शिवायचे. त्यांच्याकडे टेपाही दोन होत्या म्हणे, एका दरबाराच्या टेपेनं दुसऱ्याचं माप घ्यायचं नाही. राज्यं गेली, राजे गेले. अप्पांनीही शिलाईचं दुकान कधीच बंद केलं, पण डोक्यातली सरहद्द शाबूत आहे. कुठल्याही दोन वस्तू त्यांच्यापुढे ठेवा, एक थोरली होते, एक धाकटी होते, आणि मग दोघींना अगदी सारखा न्याय.

लग्न होऊन या गल्लीत आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी अप्पा मला अजून "धारवाली" म्हणतात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यांच्या व्हिडिओ कॉलचं खातं माझ्याकडे. दर रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाते. आधी थोरल्या विनयचा कॉल, तो झाला की धाकट्या अजयचा. दोघंही अमेरिकेत, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

भांडण तरी कशावरून? बापावरून! दोघांची आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्या तेव्हा अप्पा दोघांनाही आपल्याकडे हवे होते. किती चांगली गोष्ट! इथे लोक म्हाताऱ्यांना टाळायला बघतात. अप्पांनी लगेच वाटणी केली, तीन महिने विनयकडे आणि तीन महिने अजयकडे. पण विनयकडे असताना बर्फ पडला, विमानं अडकली, मग अप्पांना ताप आला आणि मुक्काम लांबला. व्हिसा सहाच महिन्यांचा, त्यामुळे तेवढे दिवस अजयच्या वाटणीतून गेले. अजय म्हणाला, दादानं मुद्दाम ठेवून घेतलं. विनय म्हणाला, लाज वाटत नाही बापाचे दिवस मोजायला? झालं! तेव्हापासून अबोला, आणि अप्पांचे रविवारी दोन कॉल.

या वर्षी एका रविवारी विनय म्हणाला, "अप्पा, डिसेंबरात हवाईला या. मी तिथे टाइमशेअर घेतलंय." पाठोपाठ अजयचा कॉल लागला. तो म्हणाला, "अप्पा, डिसेंबरात हवाईला या. मी तिथे टाइमशेअर घेतलंय." बेट तेच, आठवडा तोच! रिसॉर्ट मात्र दोन, बेटाच्या दोन अंगांना. मी कपाळावर हात मारला. अप्पांनी मात्र शिलाईच्या जुन्या मशीनमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कुण्या दोऱ्याच्या व्यापाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर अजून टांगलंय. तारखा कधीच फाटल्या, वरचं चित्र राहिलंय: निळा समुद्र, वाकलेली नारळाची झाडं आणि खाली नाव हवाई. "दोघं या मशीनपाशी बसून अभ्यास करायचे," अप्पा म्हणाले. "अभ्यास कसला, चित्र बघायचे."

टाइमशेअर म्हणजे काय हे समजवायला माझा अर्धा तास जाणार असं मी धरूनच चालले होते. "अप्पा, हॉटेलातली खोली विकत घ्यायची, पण वर्षातला एकच आठवडा. बाकीचे आठवडे बाकीच्यांचे."

अप्पांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे पाती. आपल्याकडे गाव एक, राजे दोन. त्यांच्याकडे खोली एक, राजे बावन्न. अगं, हा तर अपनाच सिस्टम झाला की!"

आणि मग सुरू झाली तुलना. देवा रे देवा!

विनयचं रिसॉर्ट बेटाच्या कोरड्या अंगाला. आठवा मजला, समोर समुद्र, खाली पोहायचे तलाव, बारा महिने ऊन. अजयचं हिरव्या अंगाला. बैठं घर, स्वयंपाकघर, पुढे गवताचं अंगण आणि रोज पाऊस. अप्पांनी दोन्हींचे फोटो बघितले आणि निकाल दिला, "विनयचं म्हणजे आपल्या देवासकडच्या लोहारद्याचा मे महिना, फक्त पुढे समुद्र लावलाय. अजयचं म्हणजे तुमच्या धारकडचं श्रावणातलं मांडवगड." मग कपाटातून दोन टेपा काढल्या आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर तलावाची लांबी मोजली. एका टेपेनं विनयचा तलाव आणि दुसरीनं अजयचं अंगण. मी म्हटलं, "अप्पा, फोटोवर माप घेतात का?" तर म्हणे, "गिऱ्हाईक लांब असलं की फोटोवरच घ्यावं लागतं."

पुढच्या रविवारी त्यांनी विनयला पहिला प्रश्न टाकला, "नळाला पाणी किती वाजता येतं?" एकेकाळी ज्या गावाला आगगाडीनं पाणी आलं त्या गावचा माणूस दुसरं काय विचारणार?

"अप्पा, समोर समुद्र आहे!" विनय म्हणाला.

"तो काय पिणार आहेस तू?"

अजयला विचारलं, स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी दिली तर धुराची घंटा वाजेल का. अजय म्हणाला, वाजेल. अप्पांना बरं वाटलं, कारण विनयच्या खात्यात पाण्याचं एक उणं होतं, आता अजयच्याही खात्यात एक झालं. त्यांची पद्धतच ती. मी म्हटलं, अजयकडे स्वयंपाकघर आहे, की त्यांना चैन पडायचं नाही. पूर्ण दिवस विचार करून संध्याकाळी भिंतीवरून हाक मारायचे, "धारवाली, विनयकडे लिफ्ट आहे!" तराजू परत सरळ.

हां हां म्हणता गोष्ट चौकात गेली. पोहेवाला थोरल्या पातीचा झाला, जिलबीवाला धाकट्या पातीचा. पोहेवाला म्हणायचा, "अप्पा, समंदर देखना है तो ऊपर से देखो!" जिलबीवाला कढईतून झारा वर काढून म्हणायचा, "अरे भिया, आदमी को जमीन पे रहना चईये, कबूतर है क्या?" आयुष्यात ज्यांनी समुद्र पाहिला नाही ती माणसं हवाईवरून एकमेकांशी भांडत होती, आणि मधोमध उभे राहून अप्पा दोघांनाही माना डोलवत होते.

डिसेंबर जवळ आला तसं माझं डोकं फिरलं. आम्ही धारचे, आमच्यात इतका दम नाही. एका संध्याकाळी मी सरळ जाऊन म्हटलं, "अप्पा, एक काय ते ठरवा! तिकिटं महाग होतील. एवढा घोळ लग्नाची स्थळं बघतानाही कुणी घालत नाही. कुठलंही एक सांगा आणि मोकळे व्हा."

अप्पा उठले, आतल्या खोलीत गेले आणि दोन बॅटी घेऊन आले. जुन्या, पण धड. चेंडूचा एखादा डाग असेल नसेल.

"विनयनं बॅट मागितली होती," ते म्हणाले. "मी गेलो, दोन आणल्या. सारख्या लांबीच्या, सारख्या वजनाच्या. टेप लावून घेतल्या. तुझी काकू म्हणाली, अहो, एक पुरे होती. मी म्हटलं, अन्याय नको. संध्याकाळी दोघं गल्लीत उभे राहिले. याच्या हातात बॅट, त्याच्या हातात बॅट. आता बॉल टाकणार कोण?"

मला हसू फुटलं. अप्पा हसले नाहीत.

"विनय वरच्या गल्लीत खेळायला गेला, अजय खालच्या. मग सायकली दोन आणल्या, टेबलं दोन आणली. कुणी काही मागायच्या आत दुसऱ्यालाही दिलं. सगळे म्हणायचे, अप्पांची पोरं कधी भांडत नाहीत. मी छाती फुगवून फिरायचो. अगं, भांडायला काहीतरी एक लागतं ना दोघांत! मी ठेवलंच नाही. आणि शेवटी एकच वस्तू उरली जिचे दोन करता येईनात. मी."

माझा धारचा तोरा कुठल्या कुठे गेला.

"मला बेटबिट काही नको गं, धारवाली," अप्पा म्हणाले. "दोघं एका अंगणात बसलेले बघायचेत. मी मेलो की येतीलच दोघं, जोडीनं उभे राहतील. पण तेव्हा मी कसा बघणार?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकला. दोन्ही घड्याळं आपापल्या वेळेला टिकटिकत होती.

त्या रविवारी मी लॅपटॉप उघडला तर अप्पा आधीच तयार. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. एक बॅट त्यांनी माझ्या हातात दिली, "ही तुझ्या शाळेला." मग म्हणाले, "आज दोघांना एकदम लाव."

"अप्पा, त्यांना सांगितलंय?"

"सांगितलं तर येतील का?"

मी लावला. पडद्याच्या एका चौकटीत विनय आला, दुसऱ्या चौकटीत अजय. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांचे चेहरे दगड झाले. विनयचा हात कॉल बंद करायला पुढे आला.

"हात खाली," अप्पा म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलांनी ऐकलेला असावा, विनयचा हात खाली गेला.

"तुलना झाली. दोन्ही जागा बघितल्या, मोजल्या. मी एकाच ठिकाणी येणार. अजयकडे."

मी दचकून अप्पांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन्हींतलं एक उचललं होतं. विनयचं तोंड इतकं उतरलं की मला बघवेना.

"विनय, तू तुझा आठवडा सोडायचा. आठवा मजला राहू दे तिथेच. तूही अजयकडेच यायचं. तिथे अंगण आहे, म्हणून तिथे. आणि मी ही आणतोय." अप्पांनी उरलेली बॅट कॅमेऱ्यापुढे धरली. "एकच आणतोय."

अजय बॅटीकडे बघत राहिला. विनयही. मला वाटलं, आता एक चौकट काळी होणार.

मग विनयनं घसा खाकरला. "पहिली बॅटिंग माझी," तो म्हणाला. "मी मोठा आहे."

"काय म्हणून?" अजय ताडकन म्हणाला. "घर माझं आहे!"

"तुझं कसलं, एक आठवडा तुझं!"

"तेरा तो वो भी आठवें माले पे है! आणि सांगून ठेवतो, बॉल खिडकीला लागला तर आउट."

"चल हट! ऐसा कौनसा रूल है?"

"अंगण माझं, रूल माझा!"

दोघंही एकदम बोलायला लागले. मराठीत, हिंदीत, वरच्या-खालच्या गल्लीच्या भाषेत, आणि आवाज इतका चढला की बाहेर कुणीतरी थांबून आत डोकावलं. मी घाबरून आवाज कमी करायला हात पुढे केला. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "भांडतायत गं. भांडू दे."